जिप्सी दोन इंच उचलायची तर: कमी खर्चाच्या लिफ्टचं काम पायरीपायरीने

जुन्या मारुती जिप्सीला लिफ्ट करायला निघालेल्या माणसाने किट शोधत बसण्याआधी टेप घेऊन गाडीखाली जावं. पंधरा-वीस पावसाळे काढलेल्या गाडीचे पाटे (चाकांवरच्या कमानीच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे लीफ स्प्रिंग) बसलेले असतात. कंपनीतून निघताना होती ती उंची तिच्याकडे उरलेली नसते. तुम्हाला हव्या असलेल्या दोन इंचांतला बराच भाग ही गेलेली उंचीच असते. ती परत आणायला किट लागत नाही, चांगला कमानवाला, म्हणजे पाटे दुरुस्त करणारा कारागीर लागतो.

दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटरच्या आसपास. या लेखाची मर्यादा एवढीच. त्यापुढे गेलात की एक खर्च दुसऱ्याला बोलावतो: लांब प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा), वेगळी ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी), लांब ब्रेक होज, आणि तरीही घाटात गाडी हातात राहील याची खात्री नाही. दोन इंचांपर्यंत मात्र मूळ शाफ्ट आणि मूळ स्टिअरिंग ठेवून भागतं.

जिप्सी या कामाला सोयीची गाडी. डिसेंबर १९८५ मध्ये ती ९७० सीसी इंजिन घेऊन आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली. पण खालचा सांगाडा शेवटपर्यंत तसाच साधा राहिला: शिडीसारखी चॅसिस, पुढे-मागे अखंड हाउसिंग (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आसाचा लोखंडी नळ) आणि चारही चाकांना पाटे. गाडी हलकी, टनाच्या आसपास. दोन माणसं आणि घरचा जॅक यावर काम निभतं.

दोन गोष्टी आधी

पहिली कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर आणि कंपनीच्या मूळ तपशिलात आहे त्यात मालकाला परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं ते वेगळंच. बसलेले पाटे मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती आहे, त्यावरची उंची हा बदल आहे. खाजगी गाडीला १५ वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंगला उभं राहावं लागतं, तेव्हा मूळ शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसिसला झुलतं जोडणारी पट्टी) आणि शॉकअप भंगारात देऊ नका. ताडोब्यात पर्यटक घेऊन फिरणाऱ्या परवान्याच्या जिप्सीला तर यातलं काहीच करू नये.

दुसरी गोष्ट गणिताची. लिफ्टने चॅसिस वर जाते, हाउसिंगमधला डिफ्रन्शियलचा गोळा जागचा हलत नाही. जिप्सीचा २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स त्या गोळ्याखाली मोजलेला आहे आणि तो फक्त टायरने वाढतो. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ घातला तर ७०३, म्हणजे गोळ्याखाली १८ मिलिमीटरची भर. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३, भर ३३ मिलिमीटरची. पण मोठ्या टायरबरोबर स्पीडोमीटर कमी दाखवायला लागतो: २१५/७५ ला सुमारे पाच टक्के, २३५/७५ ला जवळपास दहा. शिवाय घाट चढताना किंगचं इंजिनसुद्धा दमायला लागतं. माझ्या मते ५० मिलिमीटरच्या लिफ्टला २१५/७५ पुरेसा आहे. लिफ्टने खरा फायदा होतो तो पुढचा-मागचा चढाचा कोन वाढण्याचा, पोट न घासण्याचा आणि मोठा टायर मडगार्डला न लागण्याचा.

कुठला मार्ग घ्यायचा

उंची मिळवायचे स्वस्त मार्ग चार सांगितले जातात. त्यातला मागच्या हाउसिंगवर ठोकळा बसवायचा मार्ग जिप्सीला चालतच नाही. पिकअप आणि ट्रकमध्ये पाटा हाउसिंगच्या वर असतो, म्हणून मधे ठोकळा घातला की गाडी वर जाते. जिप्सीत पाटा हाउसिंगच्या खाली आहे, ठोकळा घातलात तर गाडी उलट खाली बसेल. तरीही हे ठोकळे 'जिप्सीसाठी' म्हणून खपवणारे भेटतात.

पाटा खालून काढून हाउसिंगच्या वर बसवायचा हा दुसरा मार्ग. त्याने एकदम पाच इंचांच्या आसपास मिळतात. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफरोड स्पर्धांतल्या उंच गाड्या बघून अनेकांना तो मोह होतो. पण त्याला हाउसिंगवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, डिफ्रन्शियलच्या तोंडाचा (जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडतो तिथला) कोन पुन्हा लावावा लागतो, स्टिअरिंग बदलावं लागतं. हे स्वस्त काम नव्हे आणि रोजच्या गाडीला तर नकोच.

तिसरा मार्ग लांब शॅकलचा. पाट्याचं एकच टोक शॅकलवर असतं, म्हणून शॅकल जेवढी लांब कराल त्याच्या निम्मीच उंची हाउसिंगपाशी मिळते. दोन इंच लांब शॅकल, एक इंच उंची. आणि पुढच्या बाजूला तिची वेगळी किंमत मोजावी लागते. जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आहे. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक चॅसिसपासून खाली जातं, हाउसिंग पुढे झुकतं, किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळ्याचं) वरचं टोक पुढे येतं. यालाच कॅस्टर कमी होणं म्हणतात. मग वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि हायवेवर गाडी लेन शोधत फिरते. म्हणून पुढच्या शॅकलला मी हात लावत नाही. मागे मात्र २५ मिलिमीटर जास्त लांबीची शॅकल चालते. त्याने अर्धा इंच मिळतो आणि सामान भरल्यावर तो उपयोगी पडतो.

उरला चौथा: पाट्यांना नव्याने गोलाई देणं आणि गरज असेल तर एक जादा पाटा घालणं. हाच मार्ग घ्यावा.

मोजमाप आणि तपासणी

सपाट जागी, चारही टायरमध्ये सारखी हवा आणि टाकीत अर्धं पेट्रोल असताना मोजा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलंत तर टायरची झीज त्यात मिसळते. डाव्या-उजव्यात फरक निघणारच, एकट्याने फिरणाऱ्याच्या गाडीला ड्रायव्हरची बाजू बहुधा खाली असते. रबरी बंप स्टॉप (हाउसिंग चॅसिसवर आपटू नये म्हणून लावलेला ठोकळा) आणि हाउसिंग यांमधली जागा बघा. ती बोटभर उरली असेल, किंवा मुख्य पाटा सरळ रेषेत आला असेल, तर पाटा पुरता बसलाय.

मग गंज. कोकणात वाढलेली गाडी असेल तर चॅसिसवर शॅकलच्या हँगरभोवती तारेचा ब्रश मारून हातोडीने हलकेच ठोका. आवाज खणखणीत आला पाहिजे. भद्द आला किंवा पापुद्रे निघाले तर लिफ्ट विसरा, आधी चॅसिस. पुढची चाकं उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. किंगपिनच्या बेअरिंगमध्ये किंवा टाय रॉडच्या (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांडीच्या) टोकात खेळ, म्हणजे ढिलेपणा असेल तर तो आधी काढा. मूळ उंचीला लपलेला खेळ लिफ्टनंतर आणि मोठ्या टायरवर हँडल थरथरवतो, आणि दोष लिफ्टवर जातो.

कमानवाल्याकडे

बोली लावताना इंचात नाही, मिलिमीटरमध्ये बोला आणि प्रत्येक पाट्याचा आकडा वेगळा द्या. आताच्या उंचीपेक्षा पुढे डावीकडे ४५ आणि उजवीकडे ५५ हवेत, असं. गोलाई मारलेला पाटा सुरुवातीला थोडा बसतो, म्हणून दहाएक मिलिमीटर जास्त धरा.

गोलाई थंड पाट्यालाच मारून घ्या, प्रेसवर किंवा ऐरणीवर घणाने, थोडीथोडी, टोकापासून टोकापर्यंत. गॅस कटरची ज्योत लावून पाटा वाकवायला निघालेल्या माणसाकडून पाटे उचला आणि घरी या. पाट्याचं पोलाद ठरावीक पाण्याचं, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेलं असतं. एका जागी लाल केलं की ते पाणी उतरतं आणि पाटा तिथेच पुन्हा बसतो किंवा तुटतो. गरम करायचंच तर पूर्ण पाटा भट्टीत सारखा तापवून, तेलात विझवून, पुन्हा टेम्पर केला पाहिजे, आणि ही सोय प्रत्येकाकडे नसते. पुण्यात नाना पेठेच्या आसपास किंवा कोल्हापुरात उद्यमनगरात विचारलंत तर जाणते कारागीर सापडतात. मुख्य पाट्याच्या डोळ्यापाशी (टोकाच्या गोल भोकापाशी) केसासारखी चीर दिसली तर तो पाटा नवाच घ्या, त्यात काटकसर नको.

जादा पाट्याबद्दल एक हिशेब डोक्यात ठेवा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी सात मिलिमीटरचा पाटा घातला तर तो एकटा जवळपास साठ टक्के जास्त कडक होतो, दुप्पट जाडीचा आठपट. भंगारातल्या टेम्पोचा जाडजूड पाटा कापून जिप्सीत घातला की गाडी उंच दिसते खरी, पण पाटा दबतच नाही. खडकाळ वाटेवर चाक हवेत राहतं आणि तुमची कंबर जाते. जादा पाटा मूळ पाट्यांच्याच जाडीचा किंवा किंचित पातळ, आणि लांबीने मधला असावा. त्याची गोलाई त्याच्या वरच्या पाट्यापेक्षा थोडी जास्त हवी, म्हणजे पाटे मधोमध जोडणारा सेंटर बोल्ट आवळल्यावर टोकं वरच्या पाट्याला घट्ट टेकतात. पाटे जोडताना मधे ग्राफाइट ग्रीस लावायला सांगा, आणि बाजूच्या क्लिपा पाट्यांना सरकायला जागा राहील एवढ्याच दाबायला.

त्याच फेरीत पाटा हाउसिंगला बांधणारे नवे यू-बोल्ट, नवे सेंटर बोल्ट आणि डोळ्यांतले सगळे रबरी बुश घ्या. यू-बोल्ट एकदा आवळला की ताणला जातो, जुना पुन्हा वापरायचा नसतो. पाटा वाढला की यू-बोल्टची लांबीही वाढते. नटाबाहेर दोन-तीन आटे उरतील अशी मोजून घ्या.

मागची बाजू

मागून सुरुवात करा, तिथे स्टिअरिंगची भानगड नाही. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सुटायचं तेल मारून ठेवा.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लावा, हँडब्रेकवर विसंबू नका. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. डिफ्रन्शियलखाली जॅक लावून गाडी उचला आणि चॅसिसखाली, मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरच्या जरा पुढे, दोन घोड्या (जॅक स्टँड) लावा. विटांचा ढीग म्हणजे घोडी नव्हे. गाडी घोड्यांवर टेकल्यावर तिला हाताने हलवून बघा, ती ढिम्म हलली नाही तरच खाली शिरा. जॅक हाउसिंगखाली तसाच राहू द्या.

चाकं काढा, शॉकअपचे खालचे नट काढा. ब्रेकचा रबरी होज आणि हाउसिंगच्या श्वासनळीची रबरी नळी कुठे ताणली जात नाही ना ते बघत राहा. काही गाड्यांना मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची हाउसिंगला जोडलेली दांडी सोडा आणि ती कशी होती त्याचा फोटो काढून ठेवा.

आता एका वेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचे यू-बोल्ट जागेवर असले की हाउसिंग पुढे-मागे सरकत नाही आणि बसवताना भोक शोधत बसावं लागत नाही. यू-बोल्ट काढा, मग शॅकलचा खालचा बोल्ट, शेवटी पुढच्या डोळ्याचा बोल्ट. गंजलेला बोल्ट बुशच्या आतल्या नळीला चिकटून बसतो आणि नट सुटला तरी हलत नाही. तिथे गॅस लावायचा नाही, पेट्रोलची टाकी मागेच आहे. ग्राइंडरनेही ठिणग्या उडतात, तेव्हा टाकीवर ओलं गोणपाट टाका, पाण्याची बादली जवळ ठेवा, आणि शक्य असेल तिथे हॅकसॉने कापा.

पाटा घरीच उघडायचा असेल तर सेंटर बोल्टला हात लावण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठा सी-क्लॅम्प घट्ट लावा. पाट्यांमध्ये ताण असतो. बोल्ट सुटला की ते झटक्याने उघडतात आणि बोटं जातात.

नवा पाटा बसवताना आधी पुढचा डोळा, मग शॅकल. दोन्ही बोल्टांना ग्रीस लावा आणि नट हाताने फिरतील तेवढेच लावा. ही सूचना वाचून सोडून देऊ नका. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळले तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं. काही महिन्यांत बुश फाटतो आणि सगळे म्हणतात, बुश डुप्लिकेट होता.

जॅकने हाउसिंग हलकेच खाली आणा. सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात नीट उतरलंय ते बोट घालून तपासा, डोळ्याला नीट दिसत नाही. मग यू-बोल्ट लावा आणि चारही नट फुलीच्या क्रमाने, थोडेथोडे, टॉर्क पान्याने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. चारही टोकांना सारखेच आटे बाहेर दिसले पाहिजेत.

पुढची बाजू

क्रम तोच, फरक तीन. पुढचे ब्रेक होज स्टिअरिंगबरोबर वळतात, त्यामुळे ताण तपासताना चाक दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. शॅकल इथे पुढे आहे, तेव्हा घोड्या पाट्याच्या मागच्या हँगरच्या मागे लागतील. आणि गोलाई देताना हाउसिंगचा कोन थोडा बदलला असेल तर कॅस्टर सावरायला पाचर लागते. ती पाटा आणि बैठक यांच्या मधे, जाड टोक गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवून बसते. दोन-तीन अंशांची पाचर पुरते. जास्त लावलीत तर डिफ्रन्शियलचं तोंड खाली झुकून पुढच्या शाफ्टच्या क्रॉसवर (टोकाच्या फिरत्या सांध्यावर) ताण येतो. पाचर पोलादाची घ्या, सेंटर बोल्ट तिच्यातून आरपार गेला पाहिजे. अॅल्युमिनियमची कालांतराने चेपते.

शॉकअप, होज, शाफ्ट

शॉकअप अजून लावू नका. दोन्ही टोकं घोड्यांवर असताना जॅक काढून हाउसिंग पूर्ण लोंबू द्या आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या बैठकीतलं अंतर मोजा. मूळ शॉकअप पूर्ण उघडून तेवढा लांब होत नसेल तर लांब शॉकअप घ्यावा लागेल, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात सगळा झटका शॉकअपच्या दांडीवर येईल. मग एकेका चाकाखाली जॅक लावून हाउसिंग बंप स्टॉपला टेकेपर्यंत उचला आणि पुन्हा मोजा. नवा शॉकअप तेवढा दाबला जाऊ शकला पाहिजे. या दोन आकड्यांवरून शॉकअप निवडायचा, दुकानदार 'लिफ्टवाला' म्हणतो म्हणून नाही. या लिफ्टमध्ये पैसे खर्च करायची जागा कुठली असेल तर हीच.

हाउसिंग लोंबत असतानाच ब्रेक होजला हात लावून बघा. तो तारेसारखा ताठ झाला असेल तर लांब होज घ्या. धातूची पाईप वाकवून इंचभर मिळवायचा जुगाड करू नका. प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवा, क्रॉस कुठे अडकत नाही ना बघा. सरकत्या सांध्यावर काम सुरू करण्याआधी रंगाची रेघ मारून ठेवली असेल तर शाफ्ट किती बाहेर आला ते कळतं.

गाडी खाली

चाकं लावा, गाडी जमिनीवर आणा, पुढून-मागून दाबून चार-पाच वेळा हलवा. आता पाट्याच्या डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट आवळा. उंची पुन्हा मोजा. डाव्या-उजव्यात पाच-सात मिलिमीटरचा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर पाटा परत कमानवाल्याकडे.

स्टिअरिंगचं हँडल वाकडं दिसेल, घाबरू नका. गाडी वर गेली, ड्रॅग लिंकचा कोन बदलला, म्हणून स्टिअरिंग बॉक्स थोडा फिरला. ड्रॅग लिंकच्या टोकाचे लॉकनट सैल करून लांबी जुळवा, हँडल मध्यावर येईल. अखंड हाउसिंगमध्ये लिफ्टमुळे टो (पुढची चाकं किंचित आत-बाहेर वळलेली असतात ती ठेवण) बदलत नाही, कारण टाय रॉड हाउसिंगबरोबरच चालतो. तरी नवे टायर घातले असतील तर एकदा तपासून घ्या. हेडलाइट खाली वळवा, नाहीतर समोरून येणारा प्रत्येक जण तुम्हाला डिपर देत राहील.

पहिली फेरी गावातल्या गावात, ब्रेक तपासत. मग मोकळ्या रस्त्यावर ६०-७० च्या वेगाला कान द्या. पायाखाली घूं असा आवाज किंवा थरथर आली तर मागच्या शाफ्टचे कोन बघा. मोबाइलचं अंश मोजणारं अॅप ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) फ्लँजवर आणि डिफ्रन्शियलच्या फ्लँजवर टेकवून दोन आकडे घ्या. ते जवळपास सारखे असले पाहिजेत. मागची शॅकल लांब केल्याने डिफ्रन्शियलचं तोंड वर उचललं गेलेलं असतं, बहुतेक वेळा फरक तिथला असतो. आधी मूळ शॅकल परत लावून बघा, मग पाचरीचा विचार करा.

शंभर किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. पाचशेला पुन्हा. आणि पहिल्यांदा चिखल-दगडात जाऊन आलात की गाडी धुतल्यावर आणखी एकदा. नटांवर रंगाची रेघ मारून ठेवलीत तर पुढच्या वेळी पाना न लावताही कुठला नट हलला ते दिसेल.